गरम केलेल्या गॅरेजमध्ये गाडीला दर हिवाळ्यात घाम फुटतो : कारण शोधण्याची पद्धत आणि उपाय

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचं आणि माझं दुखणं एकच आहे का ते कळेल.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी शटर उघडावं तर बॉनेटवर, बंपरवर, काचांवर पाण्याचे थेंब. गाडी रात्रभर छताखाली, पाऊस नाही, गळती नाही. पान्यांच्या खोक्यात बोट फिरवलं की बोटाला तपकिरी डाग. हँडब्रेक ओढून चार दिवस गाडी उभी राहिली की मागची चाकं धरून बसतात आणि सोडवताना 'कट्' असा आवाज येतो. स्टार्टर फिरतो पण इंजिन घेत नाही. डिस्ट्रिब्यूटरचं, म्हणजे प्लगांना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाचं, टोपण काढून कोरड्या कापडाने पुसलं की पहिल्याच सेल्फला घेतं. आणि सगळ्यात गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे हे सगळं हीटर बसवल्यानंतर वाढलेलं असतं, कमी झालेलं नसतं.

यातल्या दोन-तीन गोष्टी जुळत असतील तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. मी दोन हिवाळे चुकीच्या दिशेने खर्च केले, तिसऱ्यात कारण सापडलं.

जागा आणि हवा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमचा जुना वाडा आहे. त्याची पागा, म्हणजे एके काळी घोडे बांधायची जागा, मी साफ करून गॅरेज केली. बारा फूट रुंद, वीस फूट लांब, दहा फूट उंच. भिंती दीड फुटी दगडाच्या, छत गर्डरवर टाकलेल्या दगडी पटियांचं, इथल्या जुन्या घरांचं असतं तसं. समोर लोखंडी शटर. आत नानांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी, जिला घरात सगळे फियाटच म्हणतात. नाना गेल्यावर ती गाडी मी स्वतः उघडून पुन्हा बांधली. हिवाळ्यात रात्री निवांतपणे तिचं काम करता यावं म्हणून गॅरेज गरम करायचं ठरवलं.

इथे तानसेन समारोहाच्या दिवसांत रात्री शाल लागायला लागते. संक्रांतीच्या आगेमागे पारा चार-पाच अंशांवर येतो, एखाद्या वर्षी त्याहूनही खाली. धुकं कधी कधी दुपारपर्यंत हटत नाही, आणि लागोपाठ चार-पाच दिवस ऊन दिसत नाही असंही होतं. अशा रात्री लोखंडी पाना हातात धरवत नाही, त्यामुळे माझ्या डोक्यात शत्रू एकच होता, थंडी.

चूक इथेच होती. गरम गॅरेजबद्दल जे वाचायला-बघायला मिळतं ते बहुतेक कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातल्या लोकांचं असतं. तिथे बाहेर उणे वीस अंश असताना एक घनमीटर हवेत जेमतेम एक ग्रॅम पाणी मावतं. तीच हवा आत घेऊन तापवली की ती खडखडीत कोरडी होते. त्यांची अडचण असते ती गाडीवरून वितळून पडणाऱ्या बर्फाची आणि गारठ्याची. आमच्याकडे पाच अंशांच्या धुक्यात एका घनमीटर हवेत जवळजवळ सात ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं, तरंगणारे थेंब वेगळेच. त्यांचा सल्ला त्यांच्या जागी बरोबर आहे, पण तो जसाच्या तसा ग्वाल्हेरला उचलून आणला की गाडी भिजते.

पहिल्या दोन हिवाळ्यांत काय केलं

पहिल्या हिवाळ्यात मी गॅसचा हीटर आणला, चाकांवर फिरणारा, मागे सिलिंडर ठेवायचा. दुकानदाराने सांगितलं की याने ओलही जाते. संध्याकाळी दोन तास लावायचो. हवा पंधरा मिनिटांत उबदार व्हायची, काम करायला फार बरं वाटायचं. सकाळी मात्र पूर्वीपेक्षा दुप्पट पाणी.

आता हिशेब बघा, कारण हा हिशेब कळला तेव्हा माझा अर्धा प्रश्न सुटला. गॅस जळतो तेव्हा त्यातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पाणी तयार होतं. एक किलो एलपीजी जळला की साधारण १.६ किलो पाणी वाफ होऊन हवेत जातं. माझ्या हीटरच्या पाटीवर ताशी ३०० ग्रॅम गॅस असं लिहिलेलं होतं. म्हणजे दर तासाला जवळजवळ अर्धा लिटर पाणी, दोन तासांत जवळपास लिटरभर. १४.२ किलोचं एक सिलिंडर संपेपर्यंत बावीस लिटरच्या वर. एक मोठी बादली भरून पाणी मी स्वतःच्या हाताने त्या बंद खोलीत शिंपडत होतो.

आणि ते मावणार कुठे? माझ्या गॅरेजमध्ये सुमारे ६८ घनमीटर हवा आहे. पाच अंशांना त्या सगळ्या हवेत मिळून साडेचारशे ग्रॅमच्या आसपास पाणी मावतं, वीस अंशांना अकराशे-बाराशे ग्रॅम. हीटर चालू असेपर्यंत पाणी हवेत दिसत नाही, कारण गरम हवा ते पोटात ठेवते. हीटर बंद करून मी झोपायला गेलो की हवा गार होते आणि जास्तीचं पाणी खोलीतल्या सगळ्यात थंड वस्तूवर उतरतं. ती वस्तू म्हणजे गाडी. इंजिनचा ओतीव ब्लॉक, ब्रेकचे ड्रम, चासी हे सगळं जड लोखंड. दोन तासांच्या उबेने हवा तापते, लोखंड तापत नाही.

गॅसच्या हीटरची दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. एका संध्याकाळी पुतण्या माझ्यासोबत बंपरला पॉलिश करत बसला होता. शटर पूर्ण खाली. तासाभराने म्हणाला, "काका, डोकं फार दुखतंय, मळमळतंय." मी त्याला लगेच उचलून अंगणात आणलं, अर्ध्या तासाने बरं वाटलं. बंद जागेत गॅस जळताना ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत सिगडी ठेवून झोपलेल्या माणसांच्या बातम्या उत्तरेत दर हिवाळ्यात येतात. त्या रात्री हीटर बाहेर गेला तो पुढे एका चाचणीखेरीज परत आत आला नाही. धुराडं थेट बाहेर काढलेला हीटर असेल तर गोष्ट वेगळी, त्याचं पाणी आणि विषारी वायू दोन्ही बाहेर जातात. बिनधुराड्याचा असेल तर आजच काढा, बाकीचं निदान नंतर करत बसू.

दुसऱ्या हिवाळ्यात मी सिलिका जेल आणलं, दोन किलो. एक किलो जेल साधारण पाव किलो पाणी धरतं, मग ते भाजून पुन्हा कोरडं करायचं. बंद डब्यात पाने ठेवायचे असतील तर ते उत्तम आहे, मी आजही वापरतो. पण अख्ख्या गॅरेजसाठी त्याचा उपयोग नाही. ओल शोषून खाली पाणी जमा करणारे प्लास्टिकचे डबे मिळतात, तेही आणले. त्यात बहुतेक वेळा कॅल्शियम क्लोराइड असतं आणि खाली जमतं ते तीव्र खारं पाणी. एक डबा लवंडला, पाणी जॅकच्या पायाखाली गेलं आणि आठवड्याभरात जॅकचा पाया लाल. गाडीच्या आसपास ते डबे नकोतच.

प्लास्टिकचं कव्हरही त्याच वर्षी घातलं. आत अडकलेली ओल बाहेर पडायला वाट नाही, त्यामुळे रंगावर पांढुरके फोड दिसायला लागले. ते काढून जाड सुती कव्हर शिवून घेतलं.

आणि एक चूक बहुतेक जण करतात म्हणून सांगतो : बॅटरी उतरू नये म्हणून आठवड्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करणं. पेट्रोल जळल्यावरही पाणीच तयार होतं. पाच मिनिटांत सायलेन्सर इतका तापत नाही की ते पाणी उडून जाईल; ते आतच साचतं आणि सायलेन्सर आतून सडतो. ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढुरकी मलई दिसते तीही त्याच पाण्याची. गाडी चालू करायचीच असेल तर बाहेर काढा आणि अर्धा तास रस्त्यावर चालवा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवणं तर कधीच नको, कारण तिथेही कार्बन मोनॉक्साइड आहेच.

निदान : पाणी येतंय कुठून?

तिसऱ्या हिवाळ्यात मी काहीही विकत घ्यायच्या आधी पंधरा दिवस फक्त मोजलं. हे पंधरा दिवस आधीच दिले असते तर दोन वर्षं वाचली असती.

पहिली चाचणी फुकट आहे. जाड पॉलिथिनचे दोन-दोन फुटांचे चौकोनी तुकडे घ्या. फरशीवर तीन-चार ठिकाणी ठेवा, चारी कडांना चिकटपट्टी इतकी घट्ट लावा की हवा आत जाऊ नये. दोन दिवस तसेच राहू द्या. मग आधी वरची बाजू बघा, नंतर उचलून खालची. वर थेंब असतील तर पाणी हवेतलं आहे आणि फरशी थंड आहे. खाली थेंब असतील, किंवा खालची फरशी आजूबाजूपेक्षा काळसर झाली असेल, तर पाणी जमिनीतून वर येतंय. माझ्याकडे शटरजवळचा तुकडा वरून ओला निघाला आणि मागच्या भिंतीजवळचा खालून. म्हणजे दोन्ही रोग एकाच घरात, आणि मी एकावरच औषध देत होतो.

दुसरी गोष्ट, तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र. ते स्वस्त असतं आणि म्हणूनच त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. एका झाकणाच्या डब्यात वाटीभर मीठ घ्या, त्यात थोडंच पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, शेजारी यंत्र ठेवून डबा घट्ट बंद करा. सात-आठ तासांनी आत आर्द्रता ७५ टक्के असायला हवी. मिठाचा तो गुणच आहे. माझं यंत्र ६८ दाखवत होतं. तेव्हापासून मी प्रत्येक आकड्यात सात मिळवतो.

आता दवबिंदू. हवा ज्या तापमानाला पोचली की पाणी सोडायला लागते तो तिचा दवबिंदू. अचूक सूत्र लांबलचक आहे, पण गॅरेजच्या कामाला हा हिशेब पुरतो : शंभरमधून आर्द्रता वजा करा, पाचाने भागा, येईल तो आकडा तापमानातून वजा करा. हवा १९ अंश आणि आर्द्रता ७८ टक्के असेल तर बावीस भागिले पाच, म्हणजे साडेचार. दवबिंदू साडेचौदाच्या आसपास. आर्द्रता पन्नासच्या वर असेपर्यंत हा हिशेब चालतो, आणि आपला सगळा खेळ तिथेच आहे.

हा आकडा ताडून बघायचा धातूच्या तापमानाशी. त्यासाठी लांबून तापमान दाखवणारी गन मिळते, पण चकचकीत क्रोमवर ती साफ चुकते. क्रोम आरशासारखं असल्यामुळे गन समोरच्या भिंतीचं तापमान सांगते. बंपरवर, ड्रमवर आणि इंजिनच्या ब्लॉकवर बोटभर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, तासभर जाऊ द्या आणि टेपवर नेम धरून मोजा. माझ्या गाडीवर अजून त्या तीन पट्ट्या आहेत.

त्या पंधरा दिवसांतल्या दोन नोंदी मुद्दाम देतो. एका रात्री खात्री करण्यासाठी शटर अर्धं उघडं ठेवून, स्वतः बाहेर थांबून, गॅसचा हीटर शेवटचा दोन तास लावला. हवा १९ अंश, आर्द्रता ७८, दवबिंदू साडेचौदा. बंपरवरची टेप नऊ अंश. साडेपाच अंशांची खोट. माझ्या डोळ्यांदेखत बंपर आधी धुरकट झाला, मग बारीक थेंब, मग थेंब एकमेकांत मिसळून खालच्या कडेला लोंबायला लागले.

दुसरी नोंद मला जास्त महत्त्वाची वाटते. हीटर बंद, रात्रभर शटर बंद, सकाळी सहा वाजता गाडी जवळजवळ कोरडी. साडेदहाला धुकं विरलं, ऊन आलं, म्हणून मी हवा खेळावी या चांगल्या हेतूने शटर पूर्ण उघडलं. अर्ध्या तासात ब्लॉक ओला. बाहेरची हवा १३ अंश आणि ८५ टक्के, म्हणजे दवबिंदू दहा. ब्लॉक अजून आठ अंशांवर. धुकं विरतं तेव्हा त्याचं पाणी कुठे जात नाही, हवेतच वाफ होऊन राहतं. म्हणजे सकाळी उठल्याबरोबर शटर उघडायची माझी जुनी सवयच गाडी भिजवत होती. आमचा मेकॅनिक उस्ताद टोपण उघडून दरवेळी म्हणायचा, "पॉइंट पे पानी है, भाईसाब", आणि मी त्याला सांगायचो की रात्री ओल येते. ओल सकाळी येत होती.

जमीन आणि भिंत

आता उपाय. मी ज्या क्रमाने केले त्याच क्रमाने करा असं सांगेन, कारण खालून येणारं पाणी थांबवल्याशिवाय वरचा खर्च वाया जातो.

पागेची जुनी फरशी थेट मातीवर बसवलेली होती. ती उचलली. खाली सहा इंच जाड गिट्टीचा थर, त्यात बारीक चुरा नको, कारण मोकळ्या गिट्टीतून ओल वर चढत नाही. त्यावर पॉलिथिन फाटू नये म्हणून वाळूचा पातळ थर, मग १००० गेजचं म्हणजे २५० मायक्रॉनचं पॉलिथिन. जोडाला दोन तुकडे एकमेकांवर फूटभर चढवून चिकटवले आणि कडा भिंतीवर चार इंच वर वळवल्या. त्यावर जाळी टाकून चार इंच काँक्रीट. मिस्त्री कडा वळवायला तयार नव्हते, म्हणाले इतकं कोण करतं. पण ओल नेमकी भिंत आणि फरशीच्या सांध्यातूनच वर येते, तिथे हट्ट धरा.

हे काम कधी करायचं हे फार महत्त्वाचं आहे. नव्या काँक्रीटमध्येच भरपूर पाणी असतं. तराई, म्हणजे काँक्रीटवर पाणी मारणं, संपल्यानंतर ते इंचाला साधारण एक महिना या गतीने सुकतं, म्हणजे चार इंचाला चार महिने. दिवाळीनंतर काम काढलं तर येणारा सगळा हिवाळा ती फरशीच तुमच्या गॅरेजमध्ये पाणी सोडत राहील. मी मार्चमध्ये काढलं. एप्रिल-मेचं ऊन, पंचेचाळीस अंश आणि लू, यांनी जे सुकवलं ते कुठल्याही यंत्राने सुकलं नसतं. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याचा असा उपयोग करून घ्या.

फरशी उखडायची नाही म्हणून वरून एपॉक्सी मारायचा विचार असेल तर आधी पॉलिथिनची चाचणी करा. खालून ओल येत असेल तर एपॉक्सी फुगे येऊन सुटतं, पैसे जातात.

भिंतीचं प्रकरण आमच्याकडे खास होतं. मागच्या भिंतीला कमरेइतक्या उंचीपर्यंत लोणा लागलेला, बोटाने खरवडला की पांढरी भुकटी पडायची. जिथे वर्षानुवर्षं जनावरं बांधली जातात तिथल्या जमिनीत आणि भिंतीत मूत्रातून आलेले क्षार, नायट्रेट, साठतात, आणि हे क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात. म्हणजे जमिनीची ओल थांबवली तरी धुक्याच्या दिवसांत ती भिंत ओली दिसणारच. माझ्या आधी कुणीतरी तिथे सिमेंटचा गिलावा करून लोणा झाकला होता. ओल आत कोंडून अजून वर चढली होती आणि गिलाव्याचे पोपडे पडत होते. आम्ही तो सगळा काढला, सांधे दोन बोटं खोल खरवडले, भिंत उन्हाळाभर उघडी ठेवली, दर आठवड्याला कोरड्या ब्रशने लोणा झाडून बाहेर टाकला. पाण्याने धुतला नाही, धुतलं की क्षार परत आत जातात. मग चुन्याचा गिलावा. चुना श्वास घेतो, क्षार स्वतःवर घेतो आणि दहा-बारा वर्षांनी तोच काढून नवा करायचा असतो. जुन्या दगडी घरात गॅरेज करणाऱ्यांनी सिमेंटच्या गिलाव्याच्या वाटेला जाऊ नये, याबद्दल माझं मत ठाम आहे.

छत आणि शटर

दगडी पटिया स्वच्छ रात्री आकाशाकडे उष्णता सोडून इतकी गार होते की पहाटे खालून थेंब लोंबतात. मी गच्चीवर दोन इंची एक्सपीएस, म्हणजे दाट फोमची, शीट घालून वर कोबा आणि पांढऱ्या तुकड्यांची फरशी करून घेतली. थर वरून घातल्याने पटिया घराच्या उबेच्या बाजूला राहते आणि तिच्यावर दव धरत नाही. आतून फॉल्स सीलिंग केलं असतं तर आतली दमट हवा फटींतून वर गेली असती आणि न दिसणाऱ्या जागी पटियाला पाणी सुटलं असतं. वरच्या थराचा जूनमध्ये होणारा फायदा निराळाच, पूर्वी दुपारी आत उभं राहवत नसे.

आतून थर्माकोल उघडा लावणारे बरेच जण पाहिले. वेल्डिंगची एक ठिणगी पुरते. गॅरेजमध्ये उघडा थर्माकोल नको.

गुंडाळायच्या शटरला काही चिकटवता येत नाही. मी शटरच्या आत प्लायवूडची दोन फळ्यांची दारं केली, मध्ये इन्सुलेशन, खाली ब्रशची पट्टी. सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक याने पडला.

हीटर कोणता, किती, कुठे

आता कुठे हीटरची पाळी. बाहेरची पाच अंशांची पूर्ण भिजलेली हवा आत घेऊन तिच्यात पाणी न मिसळता नुसती बारा अंशांपर्यंत तापवली तर तिची आर्द्रता बासष्ट टक्क्यांवर येते. पंधरापर्यंत तापवली तर एक्कावन्नवर. लोखंड साधारण साठ टक्क्यांच्या खाली फार हळू गंजतं. म्हणजे वीस-बावीस अंशांची गरजच नाही. तेरा-चौदा अंश, पण अखंड, रात्रंदिवस, म्हणजे धातूही तितकाच उबदार राहतो. दोन तास कडक आणि बावीस तास बंद, हा प्रकार हवेला ऊब देतो आणि लोखंडाला पाणी.

मी ऑइल भरलेला विजेचा रेडिएटर लावला, थर्मोस्टॅट तेरावर. थंडीच्या दिवसांत रोजची बारा ते पंधरा युनिटं जातात. छत आणि दारं करण्याआधी हाच आकडा दुपटीच्या वर होता. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत, साधारण दीड महिना चालतो. त्याला १६ अँपिअरचा वेगळा सॉकेट, वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळली की पडणारा). एक्स्टेंशन बोर्डावर रात्रभर हीटर चालवू नका, प्लगची टोकं काळी पडतात आणि मग वितळतात.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. म्हणून हीटर आणि सगळे सॉकेट फरशीपासून किमान दीड फूट वर घ्या. लाल होणारी कॉइल किंवा नळी असलेला हीटर गॅरेजमध्ये नको. पेट्रोलचा कॅन आत नको. जुन्या गाड्यांचे पेट्रोल पंप आणि कार्बोरेटर थोडे का होईना पाझरतात, त्यामुळे बॉनेटखाली बल्ब पेटवून ठेवायची जुनी युक्तीही मी वापरत नाही.

भिंतीत छोटा एक्झॉस्ट पंखा आहे. तो मी दुपारी दोन ते चारमध्येच लावतो, तोही बाहेरचा दवबिंदू टेपवरच्या आकड्यापेक्षा कमी असेल तरच. धुक्याच्या दिवशी पंखा बंद, शटर बंद.

ओल काढणारं यंत्र, डीह्युमिडिफायर, याबद्दल पुष्कळ विचारणा होते. कॉम्प्रेसरवाला प्रकार थंड हवेत नीट चालत नाही, त्याच्या नळ्यांवर बर्फ धरतं. तो पावसाळ्यासाठी चांगला. जुलै ते सप्टेंबर मी तोच लावतो, रोज दोन-तीन लिटर पाणी काढतो. हिवाळ्यासाठी घ्यायचाच असेल तर शोषक चाकाचा, डेसिकंट प्रकारचा घ्या.

ज्यांच्याकडे आत्ता जानेवारी चालू आहे

इंदूरच्या मामेभावाचं पत्र्याचं शेड आहे. इंदूरला धुकं आमच्याइतकं दाट आणि दिवसेंदिवस टिकणारं नसतं, पण पत्रा पहाटे गार होऊन टपकतो. त्याच्यासाठी पत्र्याला खालून बंद छिद्रांचा, एका बाजूला फॉइल असलेला शीट, कुठेही फट न ठेवता चिकटवायचा आहे. ते मार्चमध्ये करू. तोपर्यंत त्याला जे करायला सांगितलं तेच तुम्हीही करा.

गॅसचा हीटर बाहेर. धुतलेली गाडी पूर्ण कोरडी झाल्याशिवाय आत नाही; धुतलेल्या गाडीबरोबर लिटर-दीड लिटर पाणी सहज आत येतं. गाडीखाली, चाकांच्या बाहेर दोन फूट येईल इतकं जाड पॉलिथिन अंथरायचं आणि त्याच्या कडांवर विटा ठेवायच्या. वरचं कव्हर सुती. हँडब्रेक सोडून गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, म्हणजे ड्रमला ब्रेकचे लायनर चिकटत नाहीत. शटर दुपारी दोनच्या आधी उघडायचं नाही. पाने बंद डब्यात, डब्यात सिलिका जेलची पुडी, आणि प्रत्येक पान्यावरून तेलाच्या फडक्याने एक हात.

गेल्या रविवारी सकाळी त्याचा फोन आला. शेडमध्ये हवा ११ अंश, ७० टक्के. बॉनेटवरची टेप ९ अंश. शंभरमधून सत्तर, भागिले पाच, सहा, दवबिंदू पाच. चार अंश हातात होते, आणि बॉनेटवरून त्याने फिरवलेला हात कोरडा निघाला.